मी सगळ्यांचं ऐकून घेतो

सोमवार, ७ जानेवारी २०१९
शनिवार-रविवार हिंजवडीच्या हॉटेलात ट्रेनिंग. विषय: इमोशनल इंटेलिजन्स, म्हणजे ईक्यू. जेवण उत्तम. ट्रेनर बाई म्हणाल्या, कामगाराला उत्तर नको असतं, कान हवा असतो. हे मला जन्मापासून ठाऊक होतं, फक्त इंग्रजीत ठाऊक नव्हतं. संकल्प: एचआर मॅनेजर म्हणून यापुढे आवाज चढवायचा नाही. सगळ्यांचं ऐकून घ्यायचं.
घरी सांगितलं. पद्मजा म्हणाली, मग आधी सिलिंडरचं ऐका, सकाळी संपलाय. बायकोचा ईक्यू कमी आहे. समजून घेतलं.

बुधवार, ९ जानेवारी
कारखान्याच्या शॉपमधली तक्रारवही बंद केली. शब्दच निगेटिव्ह. त्याऐवजी हजेरीच्या पंचिंग मशीनशेजारी मूड बोर्ड. घरी जाताना प्रत्येकाने नावापुढे टिकली लावायची. खूश असेल तर हिरवी, नसेल तर लाल. लाल लावणाऱ्याशी मी शिफ्टनंतर अर्धा तास बोलणार. मालक शरच्चंद्रसाहेब म्हणाले, वही गेली हे फार बरं झालं. चला, त्यांनाही विषय पटला.

शुक्रवार, ११ जानेवारी
पहिली लाल टिकली! संपत. चार नंबरच्या पॉवर प्रेसवर पंधरा वर्षं पत्रे दाबतोय. म्हणाला, साहेब, चार नंबर डबल मारतोय. पॅडलवरचा पाय काढला तरी कधी कधी आपोआप पुन्हा खाली येतो. हात आत असला तर गेलाच. मी डोळ्यांत बघून ऐकलं, एकदाही मध्ये तोडलं नाही. मग म्हणालो, संपतराव, तुम्हाला भीती वाटतेय. म्हणाला, व्हय. म्हणालो, भीतीला नाव द्यायचं असतं. म्हणाला, नाव चार नंबर.
बोलण्यात त्याची कंपनीची बस गेली. फुरसुंगीपर्यंत चालत गेला म्हणे. पण मोकळा झाला.
मेन्टेनन्सला चिठ्ठी द्यायची आहे. उद्या.

मंगळवार, २२ जानेवारी
संपत पुन्हा लाल. शेजारच्या प्रेसवरचा मच्छिंद्रही लाल, आणि तोही चार नंबरचंच सांगतो. भीती संसर्गजन्य असते (ट्रेनिंगची फाइल, पान १४). दोघांना दीर्घ श्वास शिकवले. मच्छिंद्र म्हणाला, श्वासाला काय झालेलं नाय साहेब, क्लचला झालंय. बस दोघांचीही गेली.
मालकांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, दोन दिवस प्रेस बंद म्हणजे डिस्पॅच बोंबलला. मी त्यांचंही ऐकून घेतलं.

सोमवार, ४ फेब्रुवारी
बस चुकायला लागल्यापासून बोर्ड झपाट्याने हिरवा होतोय. योगायोग. आता लाल एकच. हेड ऑफिस म्हणतं, महिनाभर सगळं हिरवं राहिलं तर ‘ईक्यू चॅम्पियन’ची ढाल. घरी हॉलमध्ये खिळा ठोकून ठेवला.
संपतला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. म्हणालो, तुमच्या एका लालमुळे बाकीच्यांचा मूड जातो हो. त्याने स्वतःच्या पंजांकडे पाहिलं. मग म्हणाला, लावतो हिरवी. माझंच कौशल्य.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी
बोर्ड शंभर टक्के हिरवा. नववा दिवस (गुरुवारची सुट्टी सोडून). मी शॉपमध्ये गेलो की बोलणं थांबतं. आदर. कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलावर कोणी बसत नाही. स्पेस देतात.
चार नंबरवर कोणी बसायचं हे ठरवायला सकाळी चिठ्ठ्या टाकतात असं कळलं. कोणी सांगितलेलं नाही, आपण होऊन! याला म्हणतात टीम स्पिरिट.

शुक्रवार, १ मार्च
एकविसावा दिवस. ज्यांची मुलं लहान आहेत त्यांची चिठ्ठी निघाली की संपत म्हणतो, ऊठ, मी बसतो. म्हणजे भीती पार गेली. केस स्टडी लिहायला हवी.
मी उभा असताना चार नंबर आपोआप खाडकन खाली आला. दोन पावलं मागे सरलो. दीर्घ श्वास घेतला. बरं वाटलं.

मंगळवार, ५ मार्च, दुपारी १:१०
संपतच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.
मच्छिंद्रने कापड गुंडाळलं, रिक्षा आणली. मी नुसता उभा होतो.

बुधवार, ६ मार्च
फॅक्टरी इन्स्पेक्टर आले. या प्रेसबद्दल आधी कोणी काही बोललं होतं का, असं विचारलं. मालकांनी बोर्डाचा महिन्याचा रेकॉर्ड पुढे केला. संपत: हिरवा, हिरवा, हिरवा. इन्स्पेक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, नाही, लेखी काही नाही.
गेटवर संपतची बायको मुक्ताबाई उभी होती. म्हणाली, हे म्हणत्यात, सायबांनी समदं नीट ऐकून घेतलं हुतं. मी मान हलवली. ती म्हणाली, मग?
लाज वाटली. ती तशीच बघत राहिली आणि मी गाडीत बसलो.
घरी येऊन ही डायरी चाळली. ११ जानेवारी. २२ जानेवारी. लेखी आहे की, माझ्याच अक्षरात. उद्या इन्स्पेक्टरांना फोन करून खरं सांगणार. नक्की.

गुरुवार, ७ मार्च
कारखान्याला सुट्टी, म्हणून फोन राहिला. पद्मजा म्हणाली, सरकारी ऑफिस गुरुवारी चालू असतं. दोन्ही वेळचं पान वाढलं आणि आत निघून गेली.

शुक्रवार, ८ मार्च, सकाळी ११:२०
फोन लावला. इन्स्पेक्टरांनी स्वतःच उचलला. हॅलो म्हणाले. कोण बोलतंय, विचारलं. माझ्या तोंडून शब्द फुटेना. ते चिडले नाहीत. सावकाश बोला, म्हणाले, मी ऐकतोय. आणि खरंच थांबले, चांगलं मिनिटभर.
मग मी फोन ठेवून दिला.