फोन उचलला नाही म्हणून

४ फेब्रुवारी

फाइल बंद! कारण काय, तर ‘वारंवार फोन करूनही प्रतिसाद नाही.’ अहो, मला ऐकू येत नाही म्हणूनच तर फाइल उघडली होती ना तुम्ही! पुनर्वसन केंद्राच्या समुपदेशक बाईंना कागदावर हेच लिहून दाखवलं. त्यांनी खाली लिहिलं — ‘नियम आहे.’

तापानं कान गेले त्याला वर्ष होत आलं. हात कुठे गेलेत? बसचं इंजिन आजही डोळे मिटून खोलीन. डेपोवाले म्हणतात, मेकॅनिकची एक जागा आहे, केंद्र ज्याला पाठवेल त्याची चाचणी घेऊ. केंद्र म्हणतं, फाइल बंद. नुसती टोलवाटोलवी.

निघताना बाईंनी सुचवलं, पॅकिंगचं काम बघा, हलकं असतं. हलकं मागितलंय कुणी?

६ फेब्रुवारी

घरात पाटी आणलीय. ज्याला माझ्याशी बोलायचं त्यानं लिहायचं. सासूबाई भाजी खारट झाल्याची तक्रारसुद्धा सुवाच्य अक्षरात लिहितात, खाली रेघ मारून! आज मायलेकरांचं कशावरून तरी वाजलं. दोघांची तोंडं भराभर हलताहेत, मला ओ की ठो कळेना. पाटी मध्ये सरकवली. म्हटलं, भांडायचं तर लिहून भांडा, मलाही मजा येऊ दे! पाटी पुसेपर्यंत दोघांना हसू फुटलं. गेलं भांडण.

१२ फेब्रुवारी

पुन्हा केंद्र. शिपाई दारात उभा राहून नावं पुकारतो. ऐकू न येणाऱ्यांची नावं — तोंडानं! बाकावर शेजारी बसलेली बाई त्याच्या ओठांवरून नजर हलवत नव्हती. मध्येच तिनं माझ्या हातातल्या कागदावरचं नाव बघून मला कोपरानं ढोसलं. तुझं नाव!

ती शिंपीण. जन्मापासून ऐकू येत नाही, बोलणंही हातांनीच. कागदावर लिहिलं, ‘कारखान्यातल्या मोठ्या मशीनचं शिक्षण हवंय. फाइल बंद. फोन उचलला नाही.’ मी माझा कागद पुढे केला. दोघी इतक्या हसलो की शिपाई बघत राहिला. मग हसू ओसरलं नि नुसता संताप उरला.

१३ फेब्रुवारी

दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार दिली. दोघींची मिळून एक.

२० फेब्रुवारी

शिंपीण मला खुणा शिकवतेय. आधी मी फणकाऱ्यानं म्हटलं होतं, मला कशाला? मला बोलता येतं! तिनं शांतपणे विचारलं (लिहून) — ‘आणि उत्तर कसं कळतं?’

हात अजून अडखळतात. काल ‘उद्या येते’ म्हणायला गेले नि भलतंच काहीतरी म्हणाले. पोट धरून हसली. काय म्हणाले ते काही सांगत नाही, टवळी!

११ मार्च

सुनावणी झाली. म्हणजे झालीच नाही.

खुणांचा दुभाषी आला नाही. केंद्रानं कळवायचं होतं, कुणी कळवलंच नाही. आयुक्त माणूस बरा, पण घाईत. कारकुनाकडून टाइप करून पडद्यावर दाखवलं, ‘तुम्हाला बोलता येतं ना? दोघींच्या वतीनं बोला. तुमच्या दोन्ही फायली आजच उघडायला सांगतो.’

आजच! डेपोची जागा डोळ्यांसमोर आली. शिंपिणीनं माझ्याकडे बघितलं. हातानं म्हणाली, बोल. चेहऱ्यावर मात्र काहीच नाही. अगदी कोरा. आयुष्यभर तिच्या वतीनं कुणी ना कुणी बोलत आलंय — भाऊ, वहिनी, शेजारी. आज मीही त्याच रांगेत?

उभी राहिले. म्हटलं, ‘साहेब, तक्रार तिचीही आहे. ती तिच्या भाषेत बोलेल. दुभाषी येईपर्यंत मीही बोलणार नाही.’ आणि बसले तोंड मिटून. समुपदेशक बाई कपाळाला हात लावून बसल्या. तारीख पुढे गेली.



११ मार्च, संध्याकाळ

ह्यांनी पाटीवर लिहिलं — ‘संधी दारात आली होती. तोंड होतं. का नाही उघडलंस?’ मी पाटी पुसली नाही. सासूबाईंनी ताट वाढून पुढ्यात ठेवलं नि पाठीवरून हात फिरवला. त्याला पाटी लागत नाही.

१५ मार्च

हे अजून गप्प. म्हणजे, काही लिहीत नाहीत.

८ एप्रिल

आज दुभाषी आली! तरुण मुलगी, काळा सदरा, हात कसे लख्ख दिसत होते.

शिंपीण उभी राहिली. पदर खोचला नि सुरू झाली. मला सगळं नाही कळलं, पण पडद्यावर दुभाषीचं बोलणं उमटत होतं. ‘मी फोन उचलला नाही. खरं आहे. पण दारावर या. पत्र टाका. मेसेज करा. मी घरीच होते, शिवत होते. तुम्ही हाक मारली ती तुम्हालाच ऐकू आली.’

कुणीतरी हसलं. तिनं त्याच्याकडे बघितलं. हसू थांबलं.

मग म्हणाली, ‘आमच्या दोघींपुरतं नको. त्या बाकावर येऊन गेलेल्या सगळ्यांचं बघा.’ हे आमचं ठरलेलं नव्हतं! आयुक्तांनी मला विचारलं, तुमचं काय म्हणणं? मी हातांनीच सांगितलं — तिचं तेच माझं. चुकलं असेल थोडं. दुभाषी हसली म्हणजे बहुतेक चुकलंच.

निकाल तिथेच. फोन न उचलल्याच्या कारणानं बंद केलेल्या सगळ्या फायली पुन्हा उघडायच्या. जुनी फाइल आधी. यापुढे लेखी कळवायचं आणि दुभाषी केंद्रानंच द्यायचा.

मागे वळले तर शेवटच्या रांगेत हे! दुकान बंद करून आले होते, मला न सांगता. टाळ्या वाजवत नव्हते. दोन्ही हात वर करून हलवत होते, शिंपीण तिच्या लोकांत करते तसे. कुठे शिकले कोण जाणे! मी आपली वेड्यासारखी रडत होते.

२२ एप्रिल

शिंपिणीचं शिक्षण सुरू! मोठं मशीन, पहिल्याच दिवशी सुई मोडली म्हणे. अभिमानानं सांगत होती.

३० एप्रिल

डेपोतली जागा भरली. मला नाही मिळाली. एका तरुण मेकॅनिकला मिळाली. त्यालाही ऐकू येत नाही. त्याची फाइल माझ्याहून जुनी, फोन उचलला नाही म्हणून बंद झालेली. आमच्या निकालानं उघडली.

रडून घेतलं. तोंड धुतलं. पलीकडच्या गावातही एक डेपो आहे, बस आत्ताच आहे. निघते.