सोमवारचं वाक्य

प्रिय नीलम,

पेपरातला तुझा फोटो पाहिला. पोपटी साडी तुला शोभत नाही, हे दौंडात तुला कुणी सांगणार नाही, म्हणून मी शिरूरहून कळवते. वर मथळा होता, ‘नीलमबाईंचा अभिनव शब्दफळा’. ‘अभिनव’ दोनदा वाचला. तोवर चहा गार झाला.

वरवंडच्या शाळेतला तो तडा गेलेला फळा आठवतो? परिपाठाला रोज एक इंग्रजी शब्द, त्याचा मराठी अर्थ आणि एक वाक्य. वाक्य गाइडातलं चालणार नाही, आपल्या आयुष्यात घडलेलंच हवं, हा हट्ट माझा. तू म्हणाली होतीस, गौतमे, अगं पोरांच्या घरातलं सगळं चव्हाट्यावर येईल की! आलंच. पण पोरं इंग्रजी शिकली. पुढे मला शिरूरची नोकरी लागली, आणि फळा तू दौंडला घेऊन गेलीस. आता इथले लोक मलाच विचारतात, नीलमबाईंचा उपक्रम तुम्हीपण राबवता का? मी हसते. दात अजून सगळे शाबूत आहेत, तेवढंच बरं.

पुरस्काराबद्दल रविवारी तुझा सत्कार आहे, त्यात तुझ्याविषयी चार शब्द बोलावेत, असा तुझा फोन आला तेव्हा मी गुडघा दुखतो म्हणाले. गुडघा ठणठणीत आहे. शाळेचे तीन जिने रोज चढते.

आता परवाची गोष्ट ऐक. सोमवारचं वाक्य शिक्षकाने लिहायचं, हाही माझाच नियम. शब्द यादीतून आला: सप्रेस, म्हणजे मनातली भावना दाबून ठेवणे. रागावर वाक्य करायला गेले, तर खरं एकही सापडेना. राग मी कधी दाबलाय, तूच सांग. तेवढ्यात घंटा झाली आणि हाताने काय लिहायचं ते लिहून टाकलं. आठवीतल्या सुलक्षणाने माइकवर खणखणीत वाचलं, आधी इंग्रजीत, मग मराठीत: ‘माझ्या मैत्रिणीला पुरस्कार मिळाला, तेव्हा मी माझा मत्सर दाबून ठेवला.’ मुख्याध्यापक आनंदरावांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. मग सगळ्या शाळेने.

फळा पुसायला गेले, तर शिपाई चांगदेवमामा तिथंच उभे. म्हणाले, “बाई, दाबून ठिवला म्हंजी अजून हाय की. नसता तर दाबावा कशाला लागला असता?” वीस वर्षं इंग्रजी शिकवतेय, इतका नेमका अर्थ कुठल्या शब्दकोशात वाचला नाही.

फळ्याचा फोटो पालकांच्या ग्रुपवरून तुझ्यापर्यंत पोचला असणारच. तरी तुझा फोन नाही. म्हणजे तूही काहीतरी दाबून बसली आहेस. तेव्हा आधी माझं सांगते. इथला फळा मी दोन वर्षांतच कंटाळून बंद केला होता. तुझ्या कौतुकाच्या बातम्या यायला लागल्या, तेव्हा पुन्हा टांगला. तू मात्र अकरा वर्षांत एक दिवस चुकवला नाहीस. रविवारी येते आणि हे सगळ्यांसमोर बोलते. फक्त तुझ्या भाषणात एक वाक्य घाल: पहिला शब्द गौतमीने लिहिला होता. गाइडातलं नाही, घडलेलं आहे.

ठणठणीत गुडघ्याची, तुझीच
गौतमी