वर्तुळाला टाळ्या

शनिवार संध्याकाळ, पेंडल हिल

आज क्लबात डेमो दिला. चाळीस वर्षांपूर्वीचा तो छोटासा होम कॉम्प्युटर हौसेनं जपणारी मूठभर माणसं, आणि त्यावर आमच्या कंपनीचं घरांचे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर. ते त्या जुन्या मशीनवर चालतं करण्यात वर्षभराचे वीकेंड गेले माझे. स्क्रीनवर पहिलं वर्तुळ उमटलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साध्या वर्तुळाला! मलाही भरून आलं, खोटं कशाला लिहू?

मग विचारलं, विकत कोण घेणार? सगळे हात वर. यावर काढणार काय, म्हटलं, तर एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी म्हातारा केन म्हणाला, "काढायचं कशाला, मेट? चालतंय, हे काय कमी आहे?" आणि वर, "आता पुढे काय आणतोयस यावर?"

सोमवारी बॉसला काय सांगू? एकदा घेतील, हौस म्हणून. पण जो वापरतच नाही, तो पुढचं व्हर्जन कशाला घेईल? त्यांना नकाशा नकोच होता. वर्तुळ उमटताना बघायचं होतं, बस. आणि रागवायचं तरी कुणावर? किती प्रेमानं वाजवत होते टाळ्या.

घरी आल्या आल्या केतकीनं आठवण केली, "अरे, किचनच्या शेल्फचं ड्रॉइंग आज सुताराला द्यायचंय ना?" बायकोचा तो सूर ओळखून लगेच बसलो, काढलं, पाठवूनही दिलं.

पाठवल्यावर लक्षात आलं. लॅपटॉपवर काढलं मी ते. होम कॉम्प्युटर अजून गाडीच्या डिकीतच आहे.