मोजणी जुळली होती

बाई, आज दुपारी माझी एक चूक माझ्याच समोर आली आणि तुमची आठवण आली. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी चूक झाली की मी आधी तुमच्यासमोरच उभा राहतो.

पनवेलच्या घरी बसून मी प्रोग्राम लिहितो. एका रसायनांच्या कारखान्यातले इंजिनिअर साध्या वाक्यांत आज्ञा लिहितात, आमचा प्रोग्राम त्या वाचून यंत्रं चालवतो. वाक्यं कशी वाचायची याचे नियम मी लिहून देतो. त्यावरून वाचणारा भाग एक टूल आपोआप तयार करतं. एखाद्या वाक्याचा अर्थ दोन तऱ्हांनी लागत असेल तर ते इशारा देतं आणि स्वतःच एक तऱ्हा धरून पुढे जातं. असा एक निरुपद्रवी इशारा रोज बघून मी वैतागलो आणि फाईलमध्ये लिहून टाकलं, असा एक इशारा अपेक्षित आहे. टूल गप्प झालं. इशारे किती, एवढा आकडाच ते बघतं, कुठले ते नाही. गेल्या महिन्यात मी ती जुनी जागा दुरुस्त केली आणि त्याच दिवशी घातलेल्या नव्या नियमाने नवा घोळ केला. एक गेला, एक आला, मोजणी जुळली. आज ‘व्हॉल्व्ह उघड आणि पंप सुरू कर, दाब कमी असेल तर’ ही आज्ञा चाचणीला दिली, तर अट फक्त पंपाला लागली. दाब कितीही असो, व्हॉल्व्ह उघडणार. कारखान्यात ती आज्ञा चार वाजता चालणार होती, आणि व्हॉल्व्हखाली माणसं असणार होती. घड्याळात सव्वातीन झाले होते.

शाळेच्या करंजा बंदराच्या सहलीत मी मॉनिटर होतो. तुम्ही मला एसटीत मुलं मोजायला सांगता, मी मागून डोकी मोजतो, छत्तीस, बरोबर. गव्हाण फाट्याला कळतं की त्यातली एक मुलगी दुसऱ्याच शाळेची, चुकून आपल्या गाडीत चढलेली आहे आणि आपली एक बंदरावर राहिली आहे. गाडी परत फिरवली. आपली मुलगी सुकत घातलेल्या बोंबलांपाशी एका कोळणीला चिकटून बसली होती. “रडू नको, येतील तुज्या बाई,” कोळीण सांगत होती. तुम्ही मला बाजूला घेऊन एवढंच म्हणालात, “डोकी काय मोजलीस? तोंडं बघायची.” पनवेलला मुलीच्या वडिलांनी आवाज चढवला, तेव्हा मात्र मोजणी मीच केली, चूक माझी, असं तुम्ही त्यांना सांगितलंत. मी तुमच्या मागे उभा होतो आणि सुटलो म्हणून मला बरं वाटत होतं. त्याची आज लाज वाटते.

मी कारखान्यात फोन लावला. तिसऱ्यांदा उचलला गेला, काम थांबलं. अट सगळ्या आज्ञेला लागेल असा नियम नव्याने लिहिला आणि अपेक्षित आकडा शून्य केला. पाच वाजता आमच्या साहेबांनी विचारलं, हे कोणाच्या हातून झालं? मी म्हणालो, “टूलमुळे असावं. बघून सांगतो.”

बघायचं काहीच उरलं नव्हतं, बाई. साहेबांना मेल लिहायला बसलो होतो, आणि गेला तासभर तुम्हालाच लिहितोय.