बाबांची निळी गोळी

दादा,

बाबांना निळ्या पाकिटातली गोळी देऊ नकोस. पांढऱ्यातलं औषधही तेच आहे, नाव तेवढं वेगळं. जुन्या डॉक्टरांनी एक दिलं, नव्यांनी दुसरं, आणि तू पाच महिने दोन्ही चारलीस. नव्या डॉक्टरांशी मी बोललेय, फक्त पांढरी द्यायची.

दुप्पट डोसानं चक्कर येऊन काल बाबा न्हाणीघरात पडले, तेव्हाही तू म्हणालास, "वयच झालंय." मीही मान डोलावली. शिसारी येते मला, तुझी कमी, माझी जास्त. औषधांच्या दुकानात येईल त्याला विचारते, "आणखी कुठलं औषध चालू आहे?" घरात कधी विचारलं नाही.

आज दुकानाच्या, औषधांतल्या चुका लिहायच्या नोंदवहीत बाबांचं नाव घालणार आहे. 'चूक आधी का कळली नाही' या रकान्यात लिहीन, "फार्मासिस्ट घरातच होती."