तात्यांच्या दारावरून

आबा, मला भीती वाटतेय. दुसऱ्या कुणाला हे सांगितलं की तो लगेच उपाय सांगायला बसतो, आणि मला उपाय नकोय. म्हणून तुम्हाला लिहून सांगते. तुम्ही मध्ये बोलत नाही. जिवंत होतात तेव्हाही फारसं बोलत नव्हतात म्हणा, पण तेव्हा निदान 'हं' तरी म्हणायचात.

मी विमान चालवते, हे तुम्हाला माहीत नाही. बारामतीच्या बाजाराला गेलो की येताना तुम्ही मोटारसायकल मुद्दाम एमआयडीसीकडं वळवायचात आणि मला धावपट्टीच्या कुंपणापाशी उभी करायचात. शिकाऊ पोरांची ती इवली विमानं उठायची, गिरकी घेऊन परत बसायची, आणि तुम्ही दर खेपेला तेच विचारायचात, "डायवर कुठल्या अंगाला बसतो गं?" एकदा मी म्हटलं की मी बसणार तिथं. तुम्ही हसला नाहीत. नाक्यावरच्या हातगाडीवरून मला काळा गॉगल घेऊन दिलात आणि म्हणालात, "वर ऊन लय आसंल." त्याची काडी पंधरवड्यात मोडली, आईनं दोरा गुंडाळून दिला, मी तो तसाच लावून आपल्या डाळजच्या स्टँडवर मिरवायची आणि पोरं मला खुशाल हसायची. तर आबा, आता मी कॅप्टन आहे. डाव्या अंगाला बसते.

आमची कंपनी लहान आहे. मूठभर विमानं, तीही पंख्याची. पुण्याहून छोट्या छोट्या शहरांना जातो आणि रात्री मुक्कामाला, दुरुस्तीला विमानं बारामतीच्या हँगरमध्ये येतात. तिकीट मात्र आमच्या नावानं विकलं जात नाही. एक मोठी कंपनी आहे. तिकीट तिचं, रंग तिचा, विमानाच्या अंगावर नाव तिचं. विमान, पायलट आणि शिव्या खायला माणसं आमची. असा करार आहे. मोठी सांगेल त्या गावाला, सांगेल त्या वेळेला आम्ही जायचं. बरीच वर्षं सुरळीत चाललं, मग बिनसलं. मोठी म्हणते, तुम्ही फेऱ्या फार रद्द करता. आम्ही म्हणतो, आमचे कॅप्टन तुम्हीच जास्त पगारावर ओढून नेता, मग उडवायचं कुणी? दोन्ही खरं आहे, म्हणून तर मिटत नाही. प्रकरण लवादापुढं गेलंय. तोवर मोठी काय करते, तर करार मोडत नाही, नुसती दर महिन्याला फेऱ्या कमी देते. कारखान्यानं उसाची नोंद घ्यायची आणि तोड द्यायची नाही, तसं. उभ्यानं वाळवायचं. तुम्हाला हे एका वाक्यात कळलं असेल. आमच्या वकिलाला समजावताना माझ्या तोंडाला फेस आला होता.

मागच्या आठवड्यात आमच्या मालकांनी सगळ्यांना हँगरमध्ये बोलावलं. आम्ही त्यांना साहेब म्हणतो; स्वतः जुने पायलट, केस पिकलेले, आवाज अजून खणखणीत. त्या दिवशी मात्र आवाज बसला होता. त्यांनी काही लपवलं नाही. करारात एक कलम आहे म्हणाले, आपल्याकडे किमान इतके कॅप्टन हजर पाहिजेत. त्यापेक्षा एक जरी कमी झाला तर मोठीला एका फटक्यात सगळ्या फेऱ्या काढून घेता येतात, मग लवादात जिंकण्यासारखं काही उरतच नाही. आणि आता आपण बरोबर तेवढेच आहोत. हे सांगताना ते सगळ्यांकडे बघत होते, फक्त माझ्याकडे बघत नव्हते. त्यावरून सगळ्यांना कळलं, आता मोठीचा फोन मलाच येणार. मला एवढा संताप आला! 'जाऊ नकोस' असं तोंडावर म्हणाले असते तर मी कडाकडा भांडले असते, मला अडवणारे तुम्ही कोण म्हणाले असते. पण मागितलंच नाही तर भांडायचं कशाशी?

दोनच दिवसांत मोठ्या कंपनीतून फोन आला. माणूस गोड बोलणारा. तुमच्यासारखीनं तिथं अडकून पडू नये, म्हणाला. मोठं विमान, मोठी शहरं, जागा तुमच्यासाठी धरून ठेवलीय, सोमवारपर्यंत कळवा. मी एवढी खुळी नाही. मला कळतं की त्यांना माझं कौतुक नाहीये, त्यांना आमच्याकडचं एक डोकं कमी करायचंय. पण आबा, जागा खरी आहे. ते खोटं बोलत नाहीत. नवरा बारामतीच्या कॉलेजात शिकवतो, शांत माणूस, त्याचं म्हणणं सरळ आहे: जा. ही कंपनी वर्षभरात बुडाली तर या वयात, या पंख्याच्या विमानाच्या अनुभवावर तुला कोण विचारणार? तो चुकीचं बोलतच नाहीये. आणि माझ्यासमोर इथंच राहणार अशा आणाभाका घेतलेले दोन कॅप्टन पुढच्याच महिन्यात तिकडच्या गणवेशात दिसले, विमानतळावर मला बघून एकानं बुटाची नाडी बांधायचं निमित्त केलं. मी थांबायचं आणि बाकीच्यांनी पुढं जायचं, असं झालं तर? माझं हसं होईल एवढीच भीती नाही, मी उघड्यावर पडेन. पावसाळी ढगात शिरताना माझा हात हलत नाही हो, तिथं कुठल्या वेळी काय करायचं हे मला पाठ आहे. ही भीती जमिनीवरची आहे. फोन वाजला की तोच माणूस असेल असं वाटतं, म्हणून आज सकाळी मी तो तांदळाच्या डब्यात ठेवून दिला. नवरा म्हणाला, शिजवू नकोस म्हणजे झालं.

तांदळाचा डबा बंद केला आणि तो हंगाम पुन्हा आठवला. मी अकरावीत होते. आपला तीन एकर ऊस रस्त्याकडेला, त्याच्या मागं शेजारच्या तात्यांचं अर्धा एकर आणि पलीकडच्या मावशींचं त्याहून कमी. तोडीची टोळी मोठ्या फडासाठी यायची आणि जाता जाता मागचं बारकं उरकायची. नुसत्या मागच्या तुकड्यांसाठी गाड्या घेऊन कोण येणार? त्या वर्षी कारखान्यानं तोडच दिली नाही. कारखान्याच्या निवडणुकीत तुम्ही पडलेल्या बाजूच्या मागं उभे राहिलात त्याचा तो राग होता की खरंच टोळ्या कमी पडल्या होत्या, ते शेवटपर्यंत कळलं नाही. शेजारच्या वाडीतले फड मोकळे झाले. आपल्या उसाला तुरे आले, रस आटायला लागला. तुम्ही रोज कारखान्याच्या शेतकी ऑफिसला जाता, बाकावर बसता, 'पुढच्या आठवड्यात बघू' ऐकून परत येता. संध्याकाळी एक ऊस मोडून बघता, आत पांढरा भेंड पडायला लागलेला असतो, आणि तुम्ही तो वैरणीत टाकून देता, आईला दिसू नये म्हणून.

आणि एक दिवस तो खाजगी कारखान्याचा माणूस आला. पांढरी पँट, बुटांवर धूळ. आईनं चहा ठेवला, मी दारामागं. तो म्हणाला, उद्या टोळी घालतो, फक्त तुमचे तीन एकर. मागचं बारीकसारीक आपल्याला नको. मला वाटलं, सुटलो. तुम्ही बशीत चहा ओतला, फुंकर मारली, प्यालात, आणि म्हणालात, "बघू." तो दोनदा विचारून गेला. दोन्ही वेळा 'बघू'. तो गेल्यावर तुम्ही चुलीपाशी येऊन बसलात. बशी अजून हातातच होती आणि ती कपावर वाजत होती. तुमचा हात थरथरताना मी तेव्हाच बघितला, त्याआधी कधीच नाही. आई भाकरी थापायची थांबली. म्हणाली, "तात्याचं काय करायचं ते तात्या बघंल. आपला तर जाऊ द्या."

"माझा गेला की मागच्याला टोळी कोण घालतंय?" तुम्ही म्हणालात. "भ्यालोय मी. वाळला तर वाळू दे म्हणायची माझी छाती न्हाय. पर सकाळी उठून तात्याच्या दारावरनंच जायचंय मला."

मी सतरा वर्षांची, तोंड कधी बंद नसायचं. मी फटकन म्हटलं, म्हणजे तुम्ही लोकांना भिता. आई माझ्यावर डोळे वटारायच्या आत तुम्हीच बोललात. चिडून नाही, अगदी हळू.

"व्हय, भितो. तू कशाला भितीस ते आधी हुडक, मंग मला सांग."

एवढा लागला होता तो शब्द की मी जेवले नाही. आईच्या आणि माझ्या देखत बापानं 'भितो' म्हणावं, याची मला लाज वाटली होती. माझ्या मैत्रिणींचे बाप दिवसातून चारदा 'कुणाच्या बापाला भीत नाही' म्हणायचे, आणि माझा बाप हातात बशी घेऊन थरथरत होता.

शेवटी तोड आली, हंगाम उठायला आला तेव्हा. सगळ्यांचा ऊस एकाच आठवड्यात निघाला, आपला, तात्यांचा, मावशींचा. वजन कुणालाच धड मिळालं नाही. तुमचे आभार वगैरे कुणी मानले नाहीत, मानायचं त्यांना सुचलंही नसेल. आणि पुढच्या वर्षी तात्यांनी काय केलं? भाच्याचा ट्रॅक्टर आणला, स्वतःचा अर्धा एकर गुपचूप त्याच खाजगी कारखान्याला घातला, तुम्हाला एका शब्दानं न विचारता. आई दोन दिवस धुसफुसत होती. तुम्ही म्हणालात, त्याचं बरोबर हाय, त्याला पोरीचं लग्न करायचंय. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. त्या उन्हाळ्यातच तुम्ही गेलात. तात्या तुमच्या तिरडीला खांदा द्यायला सगळ्यांत पुढं होते आणि मला त्यांचं काय करावं कळत नव्हतं.

हे सगळं मी काल हँगरमध्ये उभी असताना आठवत होते. दोन विमानं दिवसचे दिवस हललेली नाहीत, चाकांना लाकडाचे ठोकळे लावलेत, इंजिनांवर झाकणं, आणि तरी एका पंखाच्या सांध्यात साळुंकीनं काड्या आणून ठेवल्यात. हँगरच्या दाराशी पणदऱ्याच्या एका बाईंचं टेबल आहे. कुठल्या फेरीला कोण पायलट, हे दर महिन्याला त्या ठरवतात. विमानाकडे जायला तेवढं एकच दार, त्यामुळं रोज त्यांच्या टेबलासमोरूनच जावं लागतं. मोठ्या तोंडाच्या बाई, रोज मला काहीतरी टोमणा मारतात: मॅडम, केस पांढरे व्हायला लागले, मॅडम, आज गॉगल डोक्यावर न्हाय, सूर्य मावळला का? काल टोमणा नव्हता. कंप्युटर चालू होता आणि त्या की-बोर्डावरची धूळ बोटानं पुसत होत्या, जिथं धूळ नव्हती तिथंसुद्धा. मी मान खाली घालून निघाले होते. त्यांनी हाक मारली.

"मॅडम, पुढच्या महिन्याचं तुमचं नाव टाकू नव्हं?"

आबा, त्या बाईला सगळं माहीत आहे. फोन आलेला माहीत आहे, सोमवार माहीत आहे, कलमही माहीत आहे. त्यांनी तसलं काहीच विचारलं नाही. त्यांनी रोजच्या कामातलं विचारलं, आणि त्यांच्या आवाजात ते थरथरणं होतं, ते बशीचं. माझ्या डोक्यात नवऱ्याचं वाक्य होतं, त्या दोघांचे नवे गणवेश होते, तात्यांच्या भाच्याचा ट्रॅक्टरसुद्धा होता. उद्या याच बाईंना दुसरीकडे नोकरी लागली तर त्या जातील, आणि जायलाच पाहिजे. हे सगळं मला स्पष्ट दिसत होतं. आणि तरी माझ्या तोंडून निघालं, "टाका की. विचारताय काय?"

त्या हसल्या. म्हणाल्या, मग सोमवारची सकाळची फेरी तुम्हालाच देते, आळस करू नका. मी गाडीत येऊन बसले आणि गाडीला घराची किल्ली लावत राहिले.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, मोठं धाडस केलंस. मी नुसती मान हलवली. त्याला वाटू दे. तुम्हाला मात्र खरं सांगते, तुम्ही हुडकायला सांगितलं होतंत म्हणून. धाडस कसलं डोंबलाचं! नोकरी जायची भीती वाटते, फसवली जायची वाटते, पन्नाशीला रिकाम्या हातानं घरी बसायची वाटते, पण त्या टेबलासमोरून मान खाली घालून जायची त्याहून जास्त वाटते. दोन भीतींपैकी जी जास्त होती ती जिंकली, इतकंच. तुमचंही तेवढंच होतं, हे मला आत्ता कळतंय, आणि आता मला त्याची लाज वाटत नाही.

हे कागद मी घडी घालून त्या मोडक्या गॉगलच्या पिशवीत ठेवणार आहे. दुसरीकडं कुठं जाणार ते?

आणखी एक, आबा. माझं नाव मी टाकायला लावलं, पण त्या गोड बोलणाऱ्या माणसाला अजून 'नाही' म्हटलेलं नाही. फोन तांदळाच्या डब्यातच आहे. तो मी बंद केलेला नाही.