पिशवीतला वास

ता. ९ जाने.
मांजरी गावातल्या आमच्या पिशव्यांच्या शेडवर गेलो. महेशने धुलाईचं मशीन चालू केलं. आता प्लास्टिकचा नवा दाणा आणायचा नाही. भंगारातलं प्लास्टिक धुवायचं, वितळवायचं, त्याच्याच पिशव्या. त्यासाठी शेड बँकेकडे गहाण. पोरगा खूश आहे. पहिला रोल उलगडून नाकाशी धरला, जुनी सवय. आणि ही आठवली. शेवटच्या महिन्यातला तो वॉर्ड. सलाईन, फिनेल, तिची उशी. रोल खाली ठेवला.

ता. ११
पुन्हा तोच वास. भंगारात दवाखान्याचं काही आलं असेल का? भंगारवाला म्हणतो, "शेठ, संशय घेताय आमच्यावर?" माल निवडणाऱ्या लंकाबाईला हुंगायला लावलं. "माजं नाक कवाच गेलंय अण्णा. म्हणून तर हितं टिकून हाय." हसत बसली.

ता. १२
महेशला म्हणालो, गरम पाण्याने आणखी एकदा धू. "मग पिशवी नव्यापेक्षा महाग पडेल. घेणार कोण, तुम्ही?" नंतर जरा हळू, "अण्णा, आईला जाऊन सहा वर्षं झाली. वास पिशवीत नाहीये."
असेलही तसं. आज जेवताना ताटालाही तोच...

ता. १५
पहिली ऑर्डर. विश्रांतवाडीची मुलगी. आयटीतली नोकरी सोडून बाळांचे कपडे ऑनलाइन विकते. जुन्या प्लास्टिकच्याच पिशव्या हव्यात म्हणे. झबली, टोपरी घालणार त्यात. एवढ्याशा अंगाला लागणार ते. ऑर्डर वहीत लिहून घेतली. ही ऑर्डर फिसकटली तर शेड बँकेची.

ता. १९
ती माल बघायला आली. गठ्ठा सोडला, हुंगला, माझ्याकडे वळली. "काका, वास येतोय का हो? का मलाच वाटतंय?" महेश माझ्याकडे बघत होता.
म्हणालो, "मला सर्दी झालीय."
महेश म्हणाला, "ताजा माल आहे मॅडम, दोन दिवस हवा लागली की जाईल." तिने मान डोलावली. जाताना मला म्हणाली, काढा घ्या काका.
सर्दी कुठली.
टेंपो आत्ताच गेला, महेशही बरोबर. हडपसरच्या गर्दीत अडकेल थोडा वेळ. उद्यापासून ती कपडे भरणार. फोन केला आणि वास माझ्याच डोक्यातला निघाला तर पोराचं सगळं घालवलं मी. नाही केला तर...
तिचं कार्ड समोर आहे. फोन मांडीवर. शेवटचा आकडा दाबायचा राहिलाय.